कानाची पाटी

कुंदाताई, आधी बातमी सांगतो, बाकीचं मागून. तुमची दुसरी ‘ब’ मोडायचं ठरलं होतं, आणि ती मोडली असती तर सगळ्यात जास्त फायदा माझाच होणार होता. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुम्ही शनिवारी गेलात. आजारपण नाही, निरोप नाही, सुट्टीचा अर्जसुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा तुम्ही न सांगता गैरहजर राहिलात. पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी पाचवीच्या वर्गाकडे निघालो होतो, तर तुमच्या खोलीत एक सुतार फीत धरून भिंत मोजत होता. मुलं मैदानावर होती. सुताराशेजारी सेक्रेटरी साहेब उभे. मला पाहून ते प्रसन्न हसले.

“आइए सर, आइए. आपका ही काम हो रहा है.”

माझं काम म्हणजे असं, की दुसरी ‘ब’ची अर्धी मुलं ‘अ’मध्ये, अर्धी ‘क’मध्ये ढकलायची. तुमचं मागचं टेबल पुढे आणून एका चौथऱ्यावर चढवायचं. चौघाचौघांची टेबलं काढून सरळ रांगांनी बाकं लावायची, सगळ्यांची तोंडं भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल पॅनेलकडे. खोलीचं नाव स्मार्ट रूम. पहिलीपासून पाचवीपर्यंतच्या वर्गांनी पाळीपाळीने यायचं. आणि इन्चार्ज कोण, तर अनंत सर.

ही खोली मी किती वर्षं मागत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. अर्ज करून मागितली, विनोद करून मागितली, एकदा तर स्नेहसंमेलनाच्या नाटकात भिकाऱ्याचं काम करताना कटोरा घेऊन थेट सेक्रेटरी साहेबांपुढे जाऊन मागितली. तर आता ती अशी, तुमच्या मागे, फीत लावून मोजलेली, समोर आली. आपल्या इकडे जबलपुरात म्हणतात तसे मनात लाडू फुटले. आणि लगेच नजर तुमच्या खुर्चीवर गेली, तिच्या पाठीवर तुमचा तो राखाडी स्वेटर होता. लाडू तसेच राहिले, फुटलेले. ना खाता येत होते, ना झाडून टाकता येत होते.

दुबे मॅडम मात्र तुमच्यासाठी उभ्या राहिल्या. प्रिन्सिपल झाल्यापासून त्यांनी सेक्रेटरी साहेबांना कधी ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “सर, इन बच्चों ने अभी दीदी को खोया है. अभी क्लास भी चली जाए?” शेवटी सौदा असा ठरला, की शुक्रवारी कमिटीसमोर दुसरी ‘ब’मध्ये एक पाठ व्हावा. वर्ग तुमच्याशिवाय उभा राहतो असं दिसलं तर वर्ग राहील, त्याला बाई शोधू. नाही दिसलं तर सोमवारपासून मुलं वाटून टाकायची.

“और पाठ कौन लेगा?” सेक्रेटरी साहेबांनी विचारलं.

दुबे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “अनंत सर लेंगे. दीदी इनको बहुत…” आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. तुम्ही मला ‘बहुत’ काय करत होतात, हे शाळेत कोणालाच सांगता आलं नसतं. मलाही नाही.

म्हणजे पाठ रंगवला तर तुमचा वर्ग वाचणार, पाडला तर मला स्मार्ट रूम मिळणार. अशी भूमिका मी आजवर कुठल्या नाटकात केली नव्हती.

*

शुक्रवारपर्यंत तुमचा वर्ग माझ्याकडे होता. पहिल्याच दिवशी मी दारातून तालात शिरलो, “गुड मॉर्निंग बच्चो,” असा खर्जातला आवाज लावला, आणि कोणी माझ्याकडे पाहिलंच नाही. उद्धटपणाने नव्हे, सगळे कामात होते. एक जण खिडक्या उघडत होता. एक पाण्याच्या बाटल्या रांगेत लावत होती. एक जण टोक असलेल्या पेन्सिलींचा डबा आणि बोथट पेन्सिलींचा डबा शेजारीशेजारी ठेवत होता. त्या दोन डब्यांवर मी पूर्वी हसलो होतो. आता कळलं, की माझ्या पाचवीत दिवसभर जे “सर, छील लूँ?” चालतं, ते इथे ऐकूच येत नाही. बोथट टाकायची, टोकाची घ्यायची, विचारायचं कोणाला?

दाराजवळ तुमचा तो प्लायवूडचा फळा. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक लाकडी पाटी टांगलेली. पाटीवर मुलाचं नाव आणि त्या आठवड्याच्या कामाचं चित्र. नळ, खिडकी, पेन्सिल, दिवा, पडदा. पडदा म्हणजे पॅनेल, मुलांच्या भाषेत. जो गैरहजर, त्याची पाटी त्याच्या जोडीदाराने उलटी करायची आणि त्याचंही काम आपण करायचं. कोणी आलं नाही म्हणून काम थांबत नाही, आणि कोणी आलं नाही ते विसरलंही जात नाही. मी तेव्हा म्हणालो होतो, “ताई, तुम्ही शाळा चालवता का कारखान्याचं गेट?” तुम्ही म्हणालात, “माझे बाबा गेटवर हजेरीचे बिल्लेच टांगायचे रे डिफेन्स फॅक्टरीत. तिथूनच उचललं मी.”

सगळ्यात खाली तुमची पाटी. कुंदा दीदी, आणि कामाचं चित्र म्हणून एक कान. मुलांनी काढलेला, त्यामुळे थोडा समोशासारखा.

ती पाटी सुलटीच होती, ताई. मुलांना सांगून झालं होतं. दुबे मॅडमनी जवळ घेऊन सांगितलं होतं, प्रार्थना झाली होती, मुलांनी माना डोलावल्या होत्या. पण पाटी कोणी उलटवली नव्हती. मला ते बघवेना. मी हात पुढे केला.

“आप मत करो सर,” मागून आवाज आला. सिद्धी. तुमची ती बरगीच्या बाजूची, जिचे वडील धरणात जाळी टाकतात, दोन वेण्यांची. त्या आठवड्यात तिच्याकडे पडदा होता. “जो जोड़ीदार है वही पलटाता है.”

“तो दीदी का जोड़ीदार कौन है?”

तिने विचार केला. टेबलांवरच्या बाकीच्यांनीही केला. “वो तो दीदी ने बताया नहीं,” ती म्हणाली, आणि पाटी तशीच राहिली. पुढचे सगळे दिवस मी त्या कानाकडे पाठ करून शिकवलं.

*

आपलं भांडण कुठवर आलं होतं, ते आठवतंय ना? मला आठवतंय. मी रोज स्कूटरवर राइट टाउनच्या त्या वळणापाशी आलो की ते आपोआप सुरू होतं. तुम्ही मागे बसलेल्या असायच्या, डबा मांडीवर, आणि हेल्मेटमधून मला अर्धंच ऐकू यायचं. त्यामुळे मी माझी बाजू नेहमी पूर्ण मांडू शकलो.

भांडण पॅनेलवरून. ते आलं तेव्हा मी त्याच्यासमोर नारळ फोडायचाच तेवढा बाकी ठेवला होता. रंगीत पाठ तयार केले, बेडूक उड्या मारतील असे, बरोबर उत्तर आलं की टाळ्यांचा कडकडाट होईल असे. तुम्ही एक पाठ शेवटपर्यंत पाहिलात आणि म्हणालात, “टाळ्या मशीनच वाजवून राहिली, तं पोरांनी काय वाजवायचं?”

“पोरं खूश होतात, ताई.”

“खूश तं ती जत्रेतही होतात रे, नाटक कंपनी.”

नाटक कंपनी. स्टाफरूममध्ये मला सर म्हणणाऱ्या तुम्ही, स्कूटरवर बसलात की माझी कंपनी करायच्या.

लॉकडाऊनमध्ये तर मी बहरलोच होतो. बायकोची पैठणी खांद्यावर टाकून, पुठ्ठ्याचा मुकुट घालून राजा झालो आणि वजाबाकी शिकवणारे व्हिडिओ पाठवले. तुम्ही रोज संध्याकाळी फक्त एक आवाजी संदेश पाठवायच्या, एका मुलाने वाचलेला धडा, त्याच्याच आवाजात. आज याचा, उद्या तिचा. बाकी सूचना नाही, गृहपाठ नाही, फुलांचे गुड मॉर्निंग नाहीत. आईबाप ते ऐकायचे, शेजाऱ्यांना ऐकवायचे. तुम्ही मला फोन केलात, “अरे, तुझा राजा बरगीकडच्या पोरांच्या फोनमध्ये नुसता गोल-गोल फिरून राहिला. बाहेरच निघत नाही बिचारा.” आणि इतक्या हसलात की मलाही हसावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी राजाचा नुसता आवाज पाठवला. तो पोचला. त्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, मीही आभार मानले नाहीत. आज मानतो.

पण काळ्या पडद्याच्या बाबतीत मी माघार घेतली नाही. तुमची ती रीत, की पॅनेल सुरू झालं की वाळूचं छोटं घड्याळ उलटायचं. वाळू संपली की पडदा काळा, चित्र कितीही सुंदर असो. मग प्रत्येकाने शेजारच्याला सांगायचं, काय पाहिलं. तेवढा वेळ तुम्ही मागच्या टेबलापाशी, हनुवटी तळहातावर ठेवून गप्प. मला ते पाहवायचं नाही. ऐन रंगात आलेला खेळ, आणि दिवे बंद?

त्या शेवटच्या शुक्रवारी तुम्ही स्कूटरवरून उतरताना मी तुम्हाला अडवलंच. “एकदा सांगून टाका ताई. पडदा काळा करून, मागे बसून, तुम्ही नेमकं करता काय? पोरं गोंगाट करतात, तुम्ही नुसत्या बसता. ह्याला शिकवणं म्हणतात?”

तुमच्या हातात डबा, पर्स, भाजीची पिशवी. तुम्ही म्हणालात, “आत्ता घाईत आहे रे. सोमवारी सांगते. चलो.”

सोमवारी सांगते. हे तुमचं माझ्याशी शेवटचं वाक्य. ताई, ह्यापेक्षा तुम्ही मला शिवी घातली असती तर मला पुरली असती.

*

शुक्रवारच्या पाठासाठी मी नर्मदा घेतली. दुसरीच्या पुस्तकात ‘हमारी नदी’ आहेच, आणि सेक्रेटरी साहेब दर पौर्णिमेला ग्वारीघाटावर स्नान करतात. प्रेक्षक पाहून नाटक निवडायचं, ही आमची रीत. आठवडाभर मी पॅनेल लावलंच नाही. हुकमाचा एक्का पहिल्या डावात कोण टाकतं?

सुरुवात बरगी धरणापासून केली. दारं उघडतात, पांढरं पाणी गर्जत बाहेर कोसळतं. ह्याहून चांगली सुरुवात कुठली? मग मासे, मग घाटावरच्या नावा, आणि शेवटी भेडाघाटचा धबधबा, त्यावर टाळ्यांचा कडकडाट. खोटं कशाला बोलू, आयुष्यातला सर्वोत्तम पाठ होता.

कमिटी आली. तुमच्या वर्गात मोठ्यांसाठी खुर्ची एकच, तुमची. तीवर बसायला कोणी धजलं नाही, त्या स्वेटरमुळे असेल. मग सेक्रेटरी साहेब एका टेबलाशी मुलांच्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीपाशी. बाकीचे दोघे तसेच दुसऱ्या टेबलांशी. दुबे मॅडम दारात, तुमच्या पाट्यांच्या फळ्याला टेकून.

मी सुरू केलं. धरणाची दारं उघडली आणि पहिल्या टेबलावरच्या कार्तिकचं तोंडही उघडलं. मी पाण्याबरोबर गर्जलो, माशांबरोबर उडालो.

“नर्मदा मैया को देखा?”

“हओ सर.” आख्ख्या वर्गाचा होकार, एका सुरात.

“समझ में आया?”

“हओ सर.”

आणि त्याच वेळी मला सेक्रेटरी साहेबांचा आवाज ऐकू आला. ते दुबे मॅडमना सांगत होते, हळूच, पण त्यांचं हळू वर्गभर जातं. “यही चाहिए. यही तो चाहिए. हर क्लास को ये मिले. बढ़ई को कह दीजिए, सोमवार से लग जाए.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ताई, मी कशात सापडलो आहे ते. मला वाटलं होतं, पाठ रंगला की वर्ग वाचेल. पण माझा खेळ जितका रंगत होता, तितकी ही खोली ‘स्मार्ट’ होत चालली होती. रांगा लावा, तोंडं इकडे करा, रोज असाच खेळ करा. पाठ पाडला असता तरी वर्ग जाणार होता, आणि जिंकून तर मी तो स्वतःच्या हाताने मोडत होतो. दुबे मॅडमचा चेहरा उतरला होता. थांबायला हवं हे कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. नाव घाटाला लागत होती, पुढे भेडाघाट येणार होता, माझा हात वर गेला होता.

पडदा काळा झाला.

“लाइट गई क्या?” एका पाहुण्याने विचारलं.

“नहीं अंकल,” सिद्धी म्हणाली. ती पॅनेलच्या बटणापाशी उभी होती, बोट अजून तिथेच. “परदा बंद किया है. रेत खतम हो गई.”

खिडकीच्या कट्ट्यावर तुमचं वाळूचं घड्याळ. मी सुरू केलं तेव्हा तिने ते उलटलं असणार, मी पाहिलंच नाही. मला वाटत होतं, काळा पडदा तुम्ही करत होतात. इतकी वर्षं भांडलो, पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही, की तुम्ही तर मागे बसलेल्या असायच्या, आणि बटण पुढे होतं.

मी बटणाकडे हात नेला. “बेटा, बस थोड़ा सा बचा है.”

“अभी नहीं सर,” ती म्हणाली. जागची हलली नाही. “अभी बात करने का टाइम है.”

आणि मुलं एकमेकांकडे वळून बोलायला लागली, पाहुणे समोर असताना. कोणी त्यांना सांगितलं नाही, कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सेक्रेटरी साहेबांना त्या इवल्या खुर्चीवरून पटकन उठता येत नव्हतं, त्यामुळे कार्तिक शेजारच्या मुलीला काय सांगतोय ते त्यांना ऐकावंच लागलं.

“पहले एक बहुत बड़ी दीवार थी,” कार्तिक सांगत होता. “उसके पीछे नल खोला, तो नर्मदा जी निकलीं.”

“बरगी में?”

“हओ. वहीं पैदा हुईं. सर ने दिखाया न.”

सेक्रेटरी साहेबांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे कान केला. तिथेही नर्मदा बरगीत जन्मली होती. त्याच्या पलीकडे ती एका मोठ्या टाकीतून आली होती. ज्या वर्गाने आत्ता एका सुरात ‘हओ सर’ म्हटलं, त्याच्यातल्या बऱ्याच मुलांना मी मोठ्या थाटात चूक शिकवून बसलो होतो.

“सर,” सेक्रेटरी साहेब म्हणाले, आवाज खाली, अगदी खाली, “ये मैं क्या सुन रहा हूँ? मैया नल से निकली हैं?”

जबलपुरात उभं राहून, पौर्णिमेच्या स्नानाला जाणाऱ्या माणसासमोर. दुबे मॅडमनी डोळे मिटले. माझ्या तोंडाशी वाक्य तयार होतं, मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली असती, आजवर हजारदा नेली आहे. पण सवयीने आधी मागे पाहिलं. मी फसलो की तुम्ही मागच्या टेबलापाशी हनुवटीवर हात ठेवून कशा बघता, ते पाहायची सवय. तिथे नुसता स्वेटर होता.

मी जाऊन तुमच्या खुर्चीवर बसलो. उगाच मोठेपणा देऊ नका. त्या खोलीत सेक्रेटरी साहेबांच्या नजरेआड अशी तेवढी एकच जागा होती.

आणि तिथून, ताई, सगळं ऐकू येतं. प्रत्येक टेबल वेगळं ऐकू येतं. मी पुढे उभा असतो तेव्हा मला फक्त मी ऐकू येतो. तुमच्या टेबलापाशी बसल्यावर कळलं, कोणाला काय समजलंय, कोण गप्प आहे, कोण शेजाऱ्याचंच पुन्हा बोलतंय. तुम्ही नुसत्या बसत नव्हतात.

खिडकीच्या टेबलावरून एक मुलगी म्हणत होती, “झूठ. मेरी नानी अमरकंटक गई थीं. वहाँ मैया इत्ती सी हैं, कुंड में.”

“फिर बरगी में काए निकलीं?”

“निकलीं नहीं,” सिद्धी पॅनेलपाशी उभी राहूनच बोलली. “बरगी में तो उनको रोकते हैं. पापा कहते हैं पानी पीछे से आता है, मंडला तरफ से.”

कार्तिक विचारात पडला. मग तो उठला. “रस्सी पे लगाओ,” तो म्हणाला.

तुमची ती भिंतीवरची दोरी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधलेली, जिच्यावरचं काम बघायला पाहुण्यांना वाकावं लागतं. मुलांनी तिच्यावरची चित्रं उतरवली, कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, चिमटे लावले. दाराच्या टोकाला अमरकंटक. मग मंडला. मग बरगी. पुढे भांडण पेटलं. एकाने भेडाघाट आधी लावला, दुसरीने काढला. सेक्रेटरी साहेबांना राहवेना. खुर्चीतून कसेबसे सुटले, वाकत दोरीपाशी आले, “नहीं बेटा, पहले ग्वारीघाट.”

“हाथ उठाके बोलो अंकल,” कोणीतरी म्हणालं.

त्यांनी हात वर केला. मी पाहिलं. दुबे मॅडमनीही पाहिलं, म्हणून सांगायला साक्षीदार आहे. कार्तिकने त्यांना परवानगी दिली, ग्वारीघाट आधी लागला, आणि मग कार्तिकनेच बरगीच्या चिठ्ठीवर लिहिलेला ‘जन्म’ हा शब्द खोडून टाकला.

सेक्रेटरी साहेबांनी वाकून अमरकंटकपासून एकेक चिठ्ठी वाचली. मग मला म्हणाले, “ये आपने सिखाया?”

“नहीं जी,” मी म्हणालो. “मैंने तो बस गलत सिखाया. ये दीदी का है.”

“दीदी तो हैं नहीं.”

“हाँ जी. वही तो.”

ते निघाले. दारापाशी थांबून दुबे मॅडमना म्हणाले, “क्लास रहने दीजिए. पैनल भी यहीं रहे.” आणि जाता जाता, “मगर टीचर कहाँ से लाएँगी?”

*

टीचरचा प्रश्न मुलांनी सोडवला. सुटीची घंटा झाली, मुलं दप्तरं भरत होती. मी अजून तुमच्याच खुर्चीत होतो. सिद्धी समोर येऊन उभी राहिली.

“सर, आप पीछे बैठे थे.”

“हाँ.”

“हम बोल रहे थे, आप सुन रहे थे.”

“हाँ बेटा.”

“तो दीदी का काम आपने किया.” ती फळ्याकडे गेली आणि तुमच्या पाटीकडे बोट दाखवलं. “तो आप जोड़ीदार हुए. पलटाइए.”

ताई, मी रंगमंचावर बराच रडलो आहे. त्याचं तंत्र मला येतं. ह्या वेळी काही तंत्र नव्हतं. मी तुमची पाटी खिळ्यावरून काढली. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल म्हणून पाहिलं, खरंच पाहिलं. काही नव्हतं. कोरं लाकूड. तुम्ही असल्या नाटकांच्या नादी कधीच लागला नाहीत. मी ती उलटी टांगली. मुलं बघत होती. कोणी रडलं नाही. कार्तिकने सुस्कारा सोडला, बाटली उचलली आणि तो घरी गेला.

दुबे मॅडमना मी सांगितलं, की पाचवीला दुसरं कोणी शोधा. त्या म्हणाल्या, “और आपका स्मार्ट रूम?” मी म्हणालो, मिळाला ना. पॅनेल आहे, खोली आहे, इन्चार्ज आहे. फक्त इन्चार्ज मागे बसतो.

तुम्हाला वाटत असेल, मी हरलो. तसं नाही. टाळ्यांचा आवाज मी पाठातून काढलेला नाही. तो राहणार. त्यावर आपलं भांडण चालूच आहे, आणि आता तुम्ही मधेच ‘घाईत आहे’ म्हणू शकत नाही. बरगीची दारंही ठेवली आहेत, फक्त अमरकंटकच्या नंतर. तिथे पाणी अगदी बारीक आहे, गर्जना नाही, मला करायला काहीच नाही. पण आज मुलं तिथे पुढे सरकून बसली. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

आज सोमवार. तुम्ही सांगणार होतात तो सोमवार केव्हाच गेला, हा नंतरचा. सकाळी पाट्या बदलल्या. माझ्या नावाची नवी पाटी आली, कान ह्या वेळी थोडा बरा जमला आहे. तुमची तिच्याशेजारी, उलटी. पॅनेल लावलं, वाळू संपली, पडदा काळा झाला, मुलं बोलायला लागली. मी तुमच्या खुर्चीत. खिडकीच्या टेबलावर होड्यांचा विषय निघाला, आणि मला ग्वारीघाटावर होडी उलटता उलटता राहिली तो माझा किस्सा आठवला. तुम्हाला माहीत आहे तो, तुम्ही निदान दहा वेळा ऐकलाय आणि प्रत्येक वेळी म्हटलंय की होडी दर वेळी मोठी होऊन राहिली. मी घसा साफ केला. “अरे सुनो, एक बार की बात है,” अशी सुरुवातही केली.

सिद्धीने मागे वळून पाहिलं. एक बोट उचलून स्वतःच्या कानाला लावलं, आणि परत शेजारणीकडे वळली.

मी गप्प बसलो, ताई. किस्सा अर्धा तोंडात, आणि मी गप्प. तुम्ही पाहायला हव्या होतात.